डबा, विशारद आणि पाकीट: तबला पोटापाण्याला लागेपर्यंत

परवा क्लास सुटल्यावर एका मुलाची आई मागे थांबली. मुलगा बारावीला आहे आणि पुढे तबलाच करायचा म्हणतोय. "करू दे, माझी ना नाही," त्या म्हणाल्या, "पण यात नेमकं काय काय असतं, कागदं कसली लागतात, पैसे कधी सुरू होतात, हे कुणी धड सांगतच नाही हो मॅडम." मी उभ्याउभ्या पाऊण तास बोलले, तरी निम्मं राहिलं. म्हणून लिहून काढते आहे. मी कुणी मोठी वादक नाही. साथ करते, शिकवते, त्यावर घर चालतं. तेवढ्याच अधिकाराने हे लिहिलं आहे.

माझं लहानपण सांगलीत गेलं. आजोबा गुरुवारच्या भजनात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, आणि ती आजीकडून घट्ट भिजवून आणायची हे माझं काम. कणीक जास्त सैल झाली तर आजोबा परत पाठवायचे. पखवाजाला हात लावायची मात्र परवानगी नव्हती. मग भजन चालू असताना मी मागे बसून लाडवांच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरायची. डबा आडवा धरला की एक आवाज, उभा धरला की दुसरा. आठवी-नववीतल्या मामेभावाने तोच डबा वाजवला असता तर कुणी लक्ष दिलं नसतं. मुलगी वाजवते म्हणून पाहुण्यांना गंमत वाटायची.

जून २००४ मध्ये, मी आठ वर्षांची असताना, आजोबांनी क्लासला घातलं. महिन्याला १५० रुपये फी. शेजारच्या काकू म्हणाल्या, मुलीच्या जातीला पेटी बरी. आजोबांनी उत्तर दिलं नाही, तीन महिन्यांची फी एकदम भरली. पहिले तीन महिने ना, ती, धा, धिं एवढंच. बोट किनारीवर नेमकं कुठे पडतं आणि पडल्यावर किती लवकर उठतं, यावरच गुरुजींचं सगळं लक्ष. कंटाळून मी एकदा घरी रडले होते. आता माझ्याकडची मुलं रडतात तेव्हा मला त्यांचं पटतं, तरी मी तीन महिने तेच करून घेते.

मग परीक्षा सुरू झाल्या. आपल्याकडे बहुतेकांची वाट अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमधून जाते, तशीच माझी गेली. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या, त्यानंतर अलंकार. सत्रं दोन, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. फॉर्म केंद्रामार्फत भरायचा, परीक्षक बाहेरगावचे येतात. मी २००६ च्या उन्हाळ्यात प्रारंभिक दिली आणि २०१० पर्यंत मध्यमा पूर्ण झाले. मग दहावी, मग बारावी. घरातल्यांनी "दोन वर्षं जरा बाजूला ठेव" म्हटलं आणि मीही ठेवलं. हातातलं किती गेलं हे नंतर कळलं. रोज वीस मिनिटं जरी बसले असते तरी चाललं असतं. ज्यांच्या घरी दहावी आहे त्यांना हे आवर्जून सांगते. आता शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, माझ्या वेळी मिळत नव्हते. त्या गुणांसाठी घाईघाईने प्रवेशिका उरकणारी मुलंही मी पाहते, आणि त्यांच्या कायद्यांची (तबल्यावर विस्तार करायच्या बोलरचनांची) अवस्था बघून वाईट वाटतं.

लेखी पेपरांना कमी लेखू नका. विशारदपर्यंत पोचल्यावर भातखंडे आणि पलुसकर अशा दोन्ही लेखनपद्धतींत ताल लिहिता यावे लागतात, आड-कुआड अशा अवघड लयींसकट, आणि हात तयार असलेली माणसं तिथे चुकतात. मी पहिल्यापासून एक जाड वही केली होती. गुरुजींनी दिलेला प्रत्येक कायदा, रेला, तुकडा तारखेसकट त्यात. मधली चार वर्षं गेल्यावर त्या वहीनेच मला वाचवलं. ती अजून माझ्याकडे आहे, कणकेच्या एका डागासकट.

२०१४ मध्ये बी.कॉम.साठी पुण्यात आले. कॉट बेसिसवर राहत होते. घरमालकीणबाई चांगल्या होत्या, पण रियाजाला दुपारी चार ते साडेपाच एवढीच मुभा, आणि तेव्हा माझं कॉलेज असायचं. रात्री तबल्यावर जाड टॉवेल टाकून वाजवायची. आवाज येत नाही, पण बोटांना काम होतं. फक्त नाद कसा निघतोय हे कळत नाही, त्यामुळे रविवारी एका मैत्रिणीच्या घरी जाऊन आठवड्याभराची चूक दुरुस्त करावी लागायची. तशातच २०१५ ला विशारद प्रथम आणि २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबर सत्रात विशारद पूर्ण झाले. त्यात मंचप्रदर्शनही असतं. मी तीनताल वाजवला, सुरुवातीच्या पेशकारापासून शेवटच्या चक्रदारापर्यंत. टाळ्या आल्या. मला वाटलं, झालं की आता.

काहीच झालं नव्हतं.

पदवीनंतर एका कार्यालयात हिशेबाची नोकरी धरली, महिना १४,००० रुपये. फेब्रुवारी २०१८ मध्ये ओळखीच्या एका गायिका ताईंनी विचारलं, "शनिवारी माझ्या विद्यार्थिनींना तबला वाजवशील का? पैसे नाही देता येणार, पण चहा मिळेल." मी मोठ्या रुबाबात गेले. पहिल्याच मुलीने बडा ख्याल सुरू केला. विलंबित एकताल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: बारा मात्रांचा ताल, पण बड्या ख्यालात, म्हणजे संथ लयीतल्या गाण्यात, एकेक आवर्तन (तालाचा पूर्ण फेरा) पन्नास सेकंदांपर्यंतही जातं, म्हणजे एका मात्रेला जवळजवळ चार सेकंद. त्या चार सेकंदांत तुम्हाला जवळजवळ काहीच वाजवायचं नसतं, आणि तरीही पुढची मात्रा नेमक्या जागी पडली पाहिजे. चौथ्या मात्रेवर आणि दहाव्या मात्रेवर तिरकिट येतं, तो तुमचा खांब. गाणारी त्या खांबाला धरून चालते आणि मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते.

मी चौथ्या आवर्तनात पळायला लागले. हाताला रिकामं राहायची सवयच नव्हती. अकरा वर्षं कायदे, पलटे, रेले केलेला हात; मोकळी जागा दिसली की भरायचा. ती मुलगी बिचारी मुखडा घेऊन आली तर सम आधीच होऊन गेलेली. ताईंनी तानपुरा थांबवला आणि एवढंच म्हणाल्या, "तू फार छान वाजवतेस गं. पण मला छान नको आहे, मला ठेका हवा आहे."

त्या शनिवारनंतर पुढची दोन वर्षं जवळजवळ प्रत्येक शनिवारी मी तिथे गेले. फुकट. माझं खरं शिक्षण कुठे झालं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. तिथे कळलं की नवशिक्या गाणाऱ्याला मात्रा कशी दाखवायची, श्वास संपत आलेल्याला लय किंचितही न वाढवता आधार कसा द्यायचा, आणि चुकलेल्या गायकाची सम लोकांना न कळता कशी सावरायची. स्वतंत्र वादनाच्या तयारीत हे कुणी शिकवत नाही. विशारद झालेल्या प्रत्येकाने एखाद्या गाण्याच्या क्लासला वर्षभर जाऊन बसावं. चहा तरी मिळतोच.

पहिलं पाकीट डिसेंबर २०१८ ला मिळालं, एका गायन वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात. सात तासांत एकोणतीस मुलं गायली. पाकिटात ५०० रुपये. त्या दिवशी पोचले तेव्हा संयोजक काका म्हणाले, "या या. तबल्याला कोण आलंय?"

"मीच."

"हो, पण वाजवणारे कुठे आहेत?"

हे नंतरही बऱ्याचदा झालं. आता मी हसून चुंबळ मांडते आणि तबला लावायला घेते. हातोडीचा पहिला ठोका पडला की प्रश्न मिटतो.

साथ करायची तर एक जोडी पुरत नाही, हे तेव्हाच कळलं. पुरुष गायकाला काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराचा) तबला लागतो, बायकांना बहुधा काळी चार-पाचचा, मोठ्या तोंडाचा. एकच तबला हातोडीने ओढून दोन-दोन स्वर वर चढवला तर पुडी (तबल्यावरचं कातडं) फाटते, माझी फाटली आहे. मी मिरजेहून एक काळी एकचा तबला ६,५०० रुपयांना आणि तांब्याचा डग्गा ५,५०० ला घेतला, २०१९ च्या भावाने. नोकरीच्या पगारातून चार महिने साठवून. घेताना शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) मध्यावर आणि चाटेवर, म्हणजे किनारीवर, चारही बाजूंना बोट मारून पाहा. एका घरात, म्हणजे एका बाजूला, स्वर वेगळा बोलत असेल तर नुसत्या रंगरूपावर भुलू नका. आणि जमलं तर जाणत्या माणसाला सोबत न्या, मी गुरुजींना नेलं होतं.

आता आकाशवाणीची गोष्ट. आपल्या क्षेत्रात आकाशवाणीच्या ग्रेडला अजून किंमत आहे: बी, बी-हाय, ए आणि टॉप. कार्यक्रमाच्या पत्रिकेत नावाखाली ते लिहिलं जातं, शिकवण्या मिळायला उपयोग होतो. मी जानेवारी २०१९ मध्ये पुणे केंद्राकडे अर्ज केला. फॉर्म, गुरूंचं नाव, किती वर्षं शिकलात, प्रमाणपत्रांच्या प्रती, शुल्काचा डिमांड ड्राफ्ट. आणि येणाऱ्या तालांचा रकाना. तिथे मी शहाणपणा केला. तीनताल, झपताल, रूपक, एकताल, आडाचौताल हे तर होतेच. वजन पडावं म्हणून धमार, मत्तताल, रुद्र, पंचम सवारी असं करत बारा ताल लिहून टाकले.

बोलावणं जूनमध्ये आलं. ऑडिशनसाठी ऑफिसातून अर्धी रजा टाकली. स्टुडिओत गेल्यावर आधी जाणवते ती शांतता. आपला श्वास ऐकू येतो. समोर श्रोता नाही, मान डोलावणारं कुणी नाही, काचेपलीकडून फक्त आवाज येतो. तीनतालात पेशकार आणि एक कायदा झाला, थांबवलं. मग आवाज आला, "पंचम सवारी ऐकवा." पंधरा मात्रांचा ताल. ठेका वाजवला, कायदा कसाबसा वाजवला. "खालीपासून तिहाई घेऊन समेवर या." म्हणजे तालाच्या मधल्या 'खाली'च्या मात्रेपासून एकच तुकडा तीनदा वाजवून नेमकं समेवर पोचायचं. मी आले, एक मात्रा उशिरा. लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी धून) धरणाऱ्या पेटीवाल्यांनी मान खाली घातली. सगळं मिळून दहा मिनिटंही नसतील.

सप्टेंबरमध्ये पत्र आलं, नापास. दोन दिवस तबल्याला हात लावला नाही. राग कुणावर काढायचा? यादी माझ्याच हाताने लिहिलेली. तुम्ही अर्ज कराल तेव्हा रकान्यात तेवढेच ताल लिहा जे झोपेतून उठवून कुणी मागितले तरी वाजवाल. लेहऱ्याची लय काय हवी हे सुरुवातीलाच साथीदाराला नीट सांगा, लाजू नका. आणि घरी रिकाम्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून वाजवायची सवय करा. मी तोवर नेहमी कुणाच्या तरी डोळ्यांकडे बघून वाजवत आले होते.

नापास झाल्यावर मध्ये काही काळ थांबूनच पुन्हा अर्ज करता येतो. तो काळ संपायच्या सुमारास करोना आला. मार्च २०२० पासून कार्यक्रम शून्य. ऑनलाइन साथ करून पाहिली, पण आवाज उशिरा पोचतो, दोघांची सम कधी एकत्र येत नाही. शिकवता मात्र येतं: पढंत करून घ्यायची, बोल तोंडाने म्हणून घ्यायचे, मग विद्यार्थ्याने वाजवून रेकॉर्डिंग पाठवायचं. तीन मुलांपासून सुरू केलेली ती शिकवणी आज माझ्या मिळकतीचा कणा आहे.

२०२१ मध्ये उजव्या मनगटाने दगा दिला. दिवसभर कीबोर्ड, रात्री तीन तास रियाज, आणि मधे बसमधून डग्ग्याची पिशवी एका हातात. फिजिओथेरपिस्टनी सहा आठवडे वाजवणं बंद करायला सांगितलं. ५०० रुपयांप्रमाणे आठ वेळा गेले, ४,००० रुपये. तेव्हापासून वाजवण्याआधी दहा मिनिटं नुसता संथ ठेका वाजवते आणि तबला-डग्गा दोन्ही खांद्यांवर वाटून नेते. दुखतंय तरी वाजवत राहण्यात काही मर्दुमकी नाही.

ऑगस्ट २०२२ ला दुसरी ऑडिशन झाली. या वेळी पाच ताल लिहिले होते. झपताल आणि रूपक विचारले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्र आलं, बी ग्रेड. मी ते ऑफिसात डबा खाताना उघडलं आणि समोर बसलेल्या सहकाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "बी? म्हणजे ए नाही मिळाली?" त्याला समजावत बसले नाही.

याच सुमारास आणखी एक गोष्ट कळली, उशिरा. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती असते, वयोमर्यादा १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. मला सव्विसावं उलटल्यावर हे कळलं. ज्यांचं वय आहे त्यांनी आपल्या गुरूंकडे किती वर्षं शिकलो याचे कागद आत्ताच जमवून ठेवा.

३० जून २०२३ ला नोकरी सोडली. पगार तोवर २६,००० झाला होता. आईने एकच विचारलं, "महिन्याचं किराणा सामान तरी येईल ना गं?" मी हो म्हटलं, आणि पंचांग बघायचं विसरले. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्यामुळे सगळे सण पुढे सरकलेले; गणपती आदल्या वर्षी ३१ ऑगस्टला आले होते, ते या वर्षी थेट १९ सप्टेंबरला. आमचा हंगाम गणपतीपासून सुरू होतो. म्हणजे नोकरी सोडल्यावर अडीच महिने जवळजवळ रिकामे. अधिक महिन्यात भजनाच्या दोन-तीन सुपाऱ्या आल्या त्या आजोबांच्या कृपेने, भजनी ठेका आणि धुमाळी लहानपणापासून अंगात होती म्हणून.

मी हिशेबाच्या नोकरीतून आलेली, त्यामुळे वही पक्की. कार्यक्रमांचे जुलैत ४,०००, ऑगस्टमध्ये ५,५००. सप्टेंबरमध्ये गणपतीमुळे २१,०००. मग पितृपंधरवडा, तेव्हा फोन वाजतच नाही. ऑक्टोबरचे १८,००० जवळपास सगळे नवरात्रातले. नोव्हेंबरमध्ये दिवाळी पहाटांचे धरून ४३,०००. पहाटे साडेपाचला उघड्या मैदानात दव पडतं आणि पुडी उतरते, दर दोन गाण्यांनंतर हातोडी हातात घ्यावी लागते. अंगावरची शाल मी तबल्यावर पांघरून ठेवायची. मार्चअखेर नऊ महिन्यांत कार्यक्रमांचे १,७७,००० आणि शिकवणीचे ८१,००० झाले. प्रवास, पुड्या, दुरुस्त्या यांचे ४१,००० वजा जाता हातात २,१७,०००. तेवढ्याच महिन्यांचा पगार २,३४,००० झाला असता. १७,००० कमी, आणि त्यातले १२,००० तर एका संयोजकांकडे अजून येणं आहेत. "पुढच्या कार्यक्रमाला एकदमच देऊ" हे वाक्य ऐकलं की आता मी नम्रपणे आजच मागते.

पैशाचं बोलणं मला सगळ्यात जड गेलं. "मानधन काय घ्याल?" विचारलं की मी "तुम्ही द्याल ते" म्हणायची. ताईंनी एक दिवस खडसावलं, तेव्हापासून आकडा सांगते, आणि तारीख, वेळ, साथ कुणाला, प्रवासखर्च कुणाचा हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेते. संस्था असेल तर पॅन क्रमांकासकट बिल देते. टीडीएस, म्हणजे मानधनातून आधीच कापला जाणारा कर, कुणी दहा टक्के कापतं, कुणी एक टक्का. व्यावसायिक शुल्क म्हणून धरलं तर एका संस्थेकडून वर्षात ३०,००० च्या वर रक्कम गेली की कापायचे, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा ५०,००० झाली. घाबरू नका, ते पैसे कुठे जात नाहीत. फॉर्म २६एएस मध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या नोंदीत) दिसतात का हे जूनमध्ये तपासा आणि रिटर्न भरा. पहिल्या वर्षी मला ३,८०० रुपये परत आले, त्यात दोन नवीन पुड्या बसल्या.

आकाशवाणीवर पहिल्यांदा साथ केली त्याचं करारपत्र मी लॅमिनेट करून सांगलीला पाठवलं. आजोबा तोवर राहिले नव्हते. आजीने ते पखवाजाशेजारी ठेवलंय.

या आठवड्यात बी-हायसाठीचा अर्ज भरायला घेतला आहे. तालांच्या रकान्यात सात नावं लिहिली. सातवं पंचम सवारी आहे.